शर्यतीच्या इंजिनाला माप का लागलं?

१९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी मोटारींची शर्यत निघाली. गाडी १००० किलोहून जड नको, असा नियम होता. इंजिनाला मात्र मर्यादा नव्हती. मग कारखानदारांनी सांगाड्यांना भोकं पाडून वजन घटवलं आणि ११ लिटरांहून मोठी इंजिनं बसवली! (इथे लिटर म्हणजे पेट्रोल नव्हे, तर पिस्टन खालीवर होतो तेवढी सिलिंडरांतली जागा. १०० सीसीच्या मोटारसायकलीच्या ११० पट.)

गाड्या ताशी १०० किलोमीटरच्या वर, धुरळ्यात पुढचं दिसेना, आणि रस्त्याकडेला गावोगावची माणसं, पोरंबाळं. चालक मेले, बघणारेही मेले. त्या माणसांचा विचार नियम करताना कुणी केलाच नाही, हे आम्हाला जास्त खुपतं. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. गाड्या घोडे जुंपून स्टेशनात नेल्या.

पुढे फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत कधी पेट्रोल मोजून दिलं, कधी सिलिंडरची रुंदी ठरवली. १९१४ मध्ये थेट इंजिनच मोजलं: साडेचार लिटरांवर नको. तरी त्या वर्षी जिंकलेली मर्सिडीज १९०३ च्या अजस्र गाड्यांहून ताकदवान निघाली. इंजिन लहान, पण फिरायचं दुपटीहून जास्त वेगाने.