शिक्का इटलीचा, ब्रेक कुर्ल्याचे

जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा मूळ रूपात आणू पाहणाऱ्या हौशी मंडळींत एक मत पक्के रुजले आहे. ब्रेकचा भाग इटलीचा असावा, त्यावर फियाटचा शिक्का असावा आणि तो न उघडलेल्या जुन्या डब्यातून निघावा. मग त्याहून अस्सल काही नाही. हे मत अगदीच निराधार नाही. गाडीचा मूळ आराखडा फियाटचाच, आणि बाजारात डुप्लिकेट मालाला तोटा नाही. तरीही ब्रेकपुरते ते चूक आहे, आणि प्रसंगी जिवावर बेतणारे.

आधी वंशावळ पाहू. पद्मिनी ही फियाट 1100डीची वारसदार. इटलीत 1966 मध्ये डीची जागा 1100आरने घेतली आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. कुर्ल्यात, म्हणजे प्रीमियरच्या मुंबईतल्या कारखान्यात, मात्र डीचाच साचा चालू राहिला. 1974 मध्ये नाव पद्मिनी झाले, ब्रेक ड्रमचेच राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच ड्रमवर वर्षानुवर्षे थांबल्या. तेव्हा 1100आरचा पुढचा ब्रेक कितीही इटालियन असला, तरी पद्मिनीला तो परकाच.

हौशींचा दुसरा आधार ओतीव अंकांचा. लोखंडावर उठलेला अंक जुळला की भाग जुळला, असे मानतात. पण तो अंक बहुधा कच्च्या ओतकामाचा असतो. एकाच ओतकामातून वेगवेगळ्या व्यासांची भोके पाडून वेगवेगळे सिलिंडर बनवता येतात. बाहेरून ते जुळे दिसतात, त्याच बोल्टांवर बसतात. फरक पडतो तो जोरात, कारण जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा व्हील सिलिंडर बसवला, तर तेवढ्याच दाबाला जोर सुमारे 36 टक्के वाढतो. मागच्या चाकांना हे घडले, तर ओल्या रस्त्यावर ती आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

उरला जुना डबा. धातू डब्यात टिकतो, रबर टिकत नाही. न वापरलेले वायसर आणि होज पाइपही काळाने कडक होतात, चिरतात. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवणे म्हणजे फुफ्फुसांशी वैर.

मग अस्सल भाग ओळखावा कसा? गाडीचे वर्ष आणि चासी नंबर घ्या, त्या मॉडेलचे कुर्ल्याचे पार्ट्स कॅटलॉग उघडा आणि भाग हाती आला की व्हर्नियरने व्यास मोजा. मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर हा एक संच आहे. एकाच अ‍ॅक्सलवर दोन मापे चालत नाहीत. सिलिंडरचा सांगाडा मूळचा ठेवा, आत गंजाचे खड्डे असतील तर मूळ व्यासाची स्लीव्ह घाला. रबर, लायनिंग आणि ब्रेक ऑइल मात्र नवेच हवे.

ज्यांना पद्मिनीला डिस्क बसवायची आहे, त्यांनी जाणत्या मिस्त्रीकडून खुशाल बसवावी. पण त्याला सुधारणा म्हणावे, जीर्णोद्धार नव्हे. ब्रेकचा अस्सलपणा कॅटलॉग आणि माप ठरवतात. शिक्का फार तर तो भाग कुठून आला एवढेच सांगतो, आणि तेही शिक्का खरा असेल तरच.