घंटा वाजली की बाहेर!

ट्राम पुरती थांबायच्या आतच उतरलात? बरं केलंत, मागून अर्धं सिडनी उतरतंय. १९३०च्या दशकातला जानेवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा, आणि समोर बाँडायचा किनारा. वाळू अशी तापलीय की तव्यावर चालल्यासारखं वाटतं. घाम, ओले टॉवेल, अंगाला चोपडलेलं तेल, तंबाखूचा धूर. पाऊल ठेवायला जागा नाही.

अंगातला पोहण्याचा पोशाख लोकरीचा आहे. कोरडा टोचतो, भिजला की पोत्यासारखा लोंबतो. पण ती पहिली गार लाट छातीवर येऊ द्या, सगळं विसराल.

आता जरा मागे वळून वर बघा. मनोऱ्यावर एक माणूस डोळ्यांवर हात धरून उभा आहे. आपल्याला मुशी ताटातली ठाऊक; याला तिचे थोरले भाऊबंद, म्हणजे शार्क, नुसत्या सावलीवरून ओळखायचे आहेत. ढगाची सावली, शेवाळाचा पुंजका, माशांचा थवा, डॉल्फिन, सगळं पाण्यात काळंच दिसतं. वरून उन्हाची तिरीप. यंत्र कसलंच नाही, शेकडो जीव त्या दोन डोळ्यांवर. सरकारी जाळी १९३७मध्ये येतील, पण तीही किनाऱ्याला कुंपण घालणार नाहीत. शार्क बाजूनं, वरून येऊ शकेलच.

घंटा! घणघण घणघण!

पळा. कमरेएवढ्या पाण्यात पळता येत नाही, तरी पळा. वाळू पायाखालून सरकतेय, परतणारी लाट मागे ओढतेय, कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं. शेजारची बाई पोराला दंडाला धरून फरफटत नेतेय. आणि सगळे बाहेर धावत असताना जीवरक्षक मात्र होडी पाण्यात लोटताहेत. मला त्या बाजारगर्दीत तेवढेच दिसत राहतात.

काठावर सगळे दम खात उभे. आया पोरं मोजतात. एक नाव दोनदा, तीनदा पुकारलं जातं; मग लांबून ‘ओ’ येते आणि अनोळखी माणसंही सुस्कारा सोडतात.

होडी परतली. काही नाही, गेला असेल. थोडा वेळ कुणीच हलत नाही. मग एक पोरगा शिरतो, त्याच्यामागे दहा, त्यांच्यामागे तुम्ही. समोर मोठी लाट उठतेय. तिच्याखाली बुडी मारायची, पण तुम्ही क्षणभर थबकता: पाण्याखाली घंटा ऐकू येत नाही.