दिनविशेष : २६ सप्टेंबर
कांगारूंच्या नौकेची सरशी

१९८३ : अमेरिकेतील न्यूपोर्टच्या समुद्रात 'ऑस्ट्रेलिया-२' या शिडाच्या नौकेने 'लिबर्टी'ला ४-३ असे हरवून अमेरिका कप जिंकला. १८५१ पासून अमेरिकेकडेच असलेला हा चषक तब्बल १३२ वर्षांनी पहिल्यांदा हातचा गेला. जॉन बर्ट्रँड यांचा संघ १-३ असा मागे पडला होता. सातव्या शर्यतीतही लिबर्टी पुढे होती; पाचव्या टप्प्यात मात्र ऑस्ट्रेलिया-२ने तिला गाठले आणि ४१ सेकंदांनी बाजी मारली. बेन लेक्सेन यांनी नौकेच्या तळाच्या कण्याला दिलेले पंख जगभर गाजले.

पर्थमध्ये तेव्हा पहाट होती. रॉयल पर्थ यॉट क्लबमधला जल्लोष साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. आज कामावर न आलेल्याला काढणारा मालक नालायकच, असे पंतप्रधान बॉब हॉक यांनी तिथेच ठणकावले!

हिरव्या झेंड्यावरचा सोनेरी, मुष्टियोद्धा कांगारू याच मोहिमेतून घरोघरी पोहोचला. २०२३ मध्ये या विजयाची चाळिशी ऑस्ट्रेलियात अभिमानाने साजरी झाली. ती नौका आज फ्रीमँटलच्या सागरी संग्रहालयात पाहायला मिळते.