ॲब्सिसिक आम्ल : एका वनस्पतिसंप्रेरकाचे नाव आणि कार्य

पदार्थाचे नाव आधी पडावे आणि त्याचे खरे कार्य मागाहून उमगावे, असे शास्त्रांच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानात याचे ठळक उदाहरण म्हणजे ॲब्सिसिक आम्ल होय. पाने, फुले व कोवळी फळे देठाशी सुटून गळून पडतात, त्या क्रियेला 'ॲब्सिशन' ही संज्ञा आहे. तिच्यावरून १९६७ साली या संप्रेरकाचे नामकरण झाले. परंतु आज हा पदार्थ मुख्यतः ओळखला जातो तो गळतीसाठी नव्हे, तर पाण्याची टंचाई भासताच वनस्पतीचा सारा व्यवहार बदलून टाकणारा दूत म्हणून. नाव आणि कार्य यांत हे अंतर कसे पडले, आणि नावाबरोबर आलेल्या कल्पना दूर सारण्यास किती काळ लागला, हे पाहणे उद्बोधक आहे.

१. निरोधकाचा शोध

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वनस्पतिसंप्रेरक म्हणजे वाढीस चालना देणारे द्रव्य, अशी समजूत दृढ होती. १९२८ साली वेंट यांनी ओटच्या अंकुराग्रातून वाढीस कारण होणारे द्रव्य आगरच्या तुकड्यांत उतरवून त्याचे मापन करण्याची रीत प्रसिद्ध केली. ऑक्सिनच्या अभ्यासाचा पाया या रीतीने भक्कम झाला. जपानमध्ये याबुता आणि सुमिकी यांनी १९३८ साली जिबरेलिन स्फटिकरूपात मिळवले. १९५५ साली स्कूग, मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीविभाजनास उत्तेजन देणारे कायनेटिन वेगळे केले. या तिन्ही शोधांचा रोख वाढ घडवून आणणाऱ्या पदार्थांकडेच होता. वाढ थांबते ती अशा पदार्थांच्या अभावामुळे, हे उत्तर तेव्हा पुरेसे वाटे.

या समजुतीला पहिला तडा स्वीडनमध्ये गेला. १९४९ साली हेंबर्ग यांनी दाखवून दिले की, सुप्तावस्थेतील बटाट्याच्या सालीत आणि ॲश वृक्षाच्या कळ्यांत वाढ रोखणारी द्रव्ये असतात आणि सुप्तावस्था संपू लागताच त्यांचे प्रमाण घटते. म्हणजे वाढ न होणे ही केवळ उणीव नव्हे. तीही सक्रियपणे घडवून आणलेली अवस्था असू शकते. १९५३ साली बेनेट-क्लार्क व केफर्ड यांनी वनस्पतींचे अर्क कागदी वर्णलेखनाने अलग केले, तेव्हा कागदावरील एका ठराविक पट्ट्यात ओटच्या अंकुराची वाढ रोखणारे द्रव्य वारंवार आढळले. त्यास त्यांनी 'निरोधक बीटा' असे तात्पुरते नाव दिले. तो पट्टा म्हणजे अनेक द्रव्यांचे मिश्रण होते. त्यातील नेमके कोणते प्रभावी, हे सांगता येण्याजोगी साधने अद्याप हाती आलेली नव्हती.

२. दोन प्रयोगशाळा, दोन नावे

यापुढील शोध दोन स्वतंत्र वाटांनी झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कापसाच्या गळतीचा अभ्यास करीत होते. वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्यास पातेगळ आणि बोंडगळ यांचा जो अनुभव आहे, तोच प्रश्न तेथील कापूस उत्पादकांपुढेही होता. पाते आणि कोवळी बोंडे पक्व होण्यापूर्वीच मोठ्या संख्येने का गळतात? कापसाच्या रोपाचा देठासह कापलेला तुकडा घ्यावा, देठावर अर्काचा थेंब ठेवावा आणि देठ किती वेळात गळतो ते पाहावे, अशी त्यांची परीक्षणपद्धती होती. १९६१ साली लिउ आणि कार्न्स यांनी पक्व बोंडांच्या टरफलांतून गळती त्वरेने घडवणारे एक द्रव्य वेगळे करून त्यास 'ॲब्सिसिन' म्हटले. १९६३ साली ओकुमा, लायन, ॲडिकॉट आणि स्मिथ यांनी कोवळ्या बोंडांतून दुसरे, अधिक प्रभावी द्रव्य स्फटिकरूपात मिळवले व त्यास 'ॲब्सिसिन २' हे नाव दिले. सुमारे २२५ किलोग्रॅम बोंडांतून हाती आलेले स्फटिक अवघे ९ मिलिग्रॅम होते. १९६५ साली याच गटाने त्याची रचना मांडली.

त्याच सुमारास वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे वेअरिंग आणि त्यांचे सहकारी थंड प्रदेशातील वृक्षांच्या कळ्यांचा अभ्यास करीत होते. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागतात, तशी बर्च व सिकॅमोर या वृक्षांची वाढ थांबते आणि शेंड्याची कळी सुप्त होते. लहान दिवसांत ठेवलेल्या झाडांच्या पानांतून काढलेल्या अर्कात वाढ रोखणारे द्रव्य अधिक आढळले. तेच पानांतून कळीकडे जाऊन तिला सुप्त करीत असावे, असा त्यांचा तर्क होता. या द्रव्यास त्यांनी 'डॉर्मिन' म्हणजे सुप्तीकारक असे नाव दिले. १९६५ साली कॉर्नफर्थ, मिल्बरो, रायबॅक आणि वेअरिंग यांनी सिकॅमोरमधील डॉर्मिन शुद्ध केले. ते कापसातील ॲब्सिसिन २ हेच आहे, हे त्यांनी निर्विवादपणे सिद्ध केले. त्याच वर्षी त्याचे कृत्रिम संश्लेषणही झाले.

एकाच पदार्थास दोन नावे चालणे गैरसोयीचे होते. १९६७ साली ओटावा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'ॲब्सिसिक आम्ल' हे नाव मान्य झाले आणि १९६८ साली ते रीतसर प्रसिद्ध करण्यात आले. नावांचा वाद अशा रीतीने मिटला. परंतु दोन्ही नावांच्या मुळाशी असलेली गृहीतके मात्र तपासावयाची राहिली होती.

३. नावाच्या आधारांची पडझड

पुढील काही वर्षांत ही गृहीतके एकामागून एक ढासळली. बहुसंख्य वनस्पतींत गळतीचे नियमन मुख्यतः एथिलीन हा वायू आणि ऑक्सिन यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, असे दिसून आले. बाहेरून दिलेले ॲब्सिसिक आम्ल अनेकदा एथिलीनची निर्मिती वाढवून, म्हणजे अप्रत्यक्षपणेच, गळती घडवते. कळ्यांच्या बाबतीतही तसेच झाले. १९७२ साली लेंटन, पेरी आणि साँडर्स यांनी अधिक अचूक रासायनिक मापन केले. परंतु लहान दिवसांत ठेवलेल्या रोपांत हे आम्ल वाढत असल्याचे त्यांना आढळले नाही. बीजांची सुप्तता मात्र या आम्लावर अवलंबून असते, हे पुढे उत्परिवर्ती वाणांवरून स्पष्ट झाले. १९८२ साली कोर्नीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये अरॅबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीचे असे वाण मिळवले की, ज्यांत हे आम्ल फारच थोडे तयार होते. त्यांची बीजे सुप्त न राहता सहज रुजत आणि झाडे कोरड्या हवेत लवकर सुकत. या दुसऱ्या लक्षणाचा धागा त्यापूर्वीच एका वेगळ्या संशोधनात सापडलेला होता.

४. सुकलेल्या पानाची साक्ष

इंग्लंडमधील वाय कॉलेजात राइट यांना १९६९ साली असे आढळले की, गव्हाची तोडलेली पाने थोडी सुकू दिली तर त्यांतील 'निरोधक बीटा' अनेक पटींनी वाढतो. राइट आणि हिरॉन यांनी त्याच वर्षी हे वाढणारे द्रव्य ॲब्सिसिक आम्ल असल्याचे निश्चित केले. १९६९ सालीच मिटलह्यूझर आणि व्हान स्टेव्हनिंक यांनी गहू व बार्ली यांच्या पानांस हे आम्ल दिले असता पर्णरंध्रे मिटतात आणि बाष्पोच्छ्वास घटतो, हे दाखवून दिले. ल्युपिनच्या फुलांत गळती घडवणारे द्रव्य १९५९ मध्ये शोधणारे संशोधक हेच व्हान स्टेव्हनिंक होत. दहा वर्षांनी त्यांनीच या पदार्थाचे दुसरे रूप पुढे आणले.

या दोन निरीक्षणांची सांगड घालणारा पुरावा १९७० साली इस्राएलमध्ये इंबर आणि ताल यांनी दिला. टोमॅटोच्या 'फ्लाका' नावाच्या उत्परिवर्ती वाणाची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत आणि त्यामुळे हे झाड पाणी असूनही सुकते. त्यावर ॲब्सिसिक आम्लाची फवारणी केली असता झाड जवळजवळ सामान्य झाडासारखे वागू लागले. पाण्याचा ताण, आम्लाची वाढ आणि रंध्रांचे मिटणे ही साखळी अशा रीतीने जुळून आली. मात्र या रक्षणास किंमत द्यावी लागते. ज्या रंध्रांतून पाणी बाहेर जाते, त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो. म्हणून रंध्रे मिटली की प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पिकाचे उत्पादन घटते.

५. 'वाढरोधक' या समजुतीचा फेरविचार

तरीही 'वाढ रोखणारे द्रव्य' ही मूळ ओळख टिकून होती. तिलाही १९९० साली धक्का बसला. अमेरिकेत मिसुरी येथे साब, शार्प आणि सहकाऱ्यांनी कोरड्या माध्यमात वाढणाऱ्या मक्याच्या रोपांत या आम्लाची निर्मिती रसायनाने अथवा उत्परिवर्तनाने रोखली. अपेक्षा अशी की निरोधक हटताच वाढ सुधारेल. प्रत्यक्षात खोडाची वाढ काहीशी वाढली, पण मुळाची वाढ फार मंदावली. म्हणजे दुष्काळी परिस्थितीत हेच आम्ल खोडाला आवर घालते आणि मुळाला वाढत राहण्यास साहाय्य करते. पाण्याच्या शोधात मूळ खोल जावे आणि पाणी खर्चणारा पर्णसंभार मर्यादित राहावा, असा वाढीचा नवा वाटा यातून ठरतो. पुढे २००० च्या सुमारास त्याच गटाने असे दाखवले की, हे आम्ल एथिलीनची अतिरिक्त निर्मिती आवरते, आणि मुळाच्या रक्षणाचे एक महत्त्वाचे कारण तेच आहे. पाणी भरपूर असतानाही आम्लाचा अभाव असलेली टोमॅटोची रोपे खुजी राहतात. अशा स्थितीत या पदार्थास सरसकट वाढरोधक म्हणणे युक्त ठरत नाही.

६. संदेश कोठून आणि कसा

जमीन कोरडी होत असल्याची वार्ता पानास कशी कळते, हा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात पुढे आला. लँकेस्टर येथे डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी झाडाची मुळे दोन कुंड्यांत विभागून एक कुंडी कोरडी ठेवली. पानांतील पाणी कमी झाले नाही, तरी रंध्रे अंशतः मिटली. त्यावरून कोरडी मुळे आम्ल तयार करून पानाकडे पाठवतात, असे अनुमान निघाले. परंतु २००२ साली हॉलब्रुक आणि सहकाऱ्यांनी आम्लहीन वाणाच्या मुळांवर सामान्य टोमॅटोचे कलम केले, तेव्हाही रंध्रे मिटली. मुळातून येणारे आम्लच निर्णायक असते, हे मत त्यामुळे दुर्बळ झाले. २०१८ साली जपानी संशोधकांनी अरॅबिडॉप्सिसच्या मुळांतून पानाकडे जाणारा 'सीएलई २५' हा लहानसा पेप्टाइड शोधला. पानात पोहोचून तो तेथेच आम्लाची निर्मिती सुरू करतो.

पेशी हे आम्ल ओळखते कशी, याचे उत्तर सर्वांत उशिरा मिळाले. २००६ साली प्रसिद्ध झालेला ग्राहीविषयक एक निबंध २००८ साली मागे घ्यावा लागला. इतर दावेही वादग्रस्त ठरले. २००९ साली कटलर आणि ग्रिल यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच प्रथिनकुलाकडे बोट दाखवले. अरॅबिडॉप्सिसमध्ये या कुलाची १४ प्रथिने आहेत. एक जनुक निकामी झाले तरी इतर जनुके काम सांभाळतात, आणि म्हणूनच उत्परिवर्तनाच्या जुन्या पद्धतीने हे ग्राही सापडले नव्हते. आम्ल ग्राहीला चिकटले की, एरवी काही किनेज विकरांना दाबून ठेवणारी फॉस्फेटेज प्रथिने अडवली जातात. मोकळी झालेली किनेज विकरे रक्षक पेशींच्या पटलातील आयनमार्ग उघडतात. आयन बाहेर पडतात, त्यांमागून पाणी जाते, पेशी शिथिल होतात आणि रंध्र मिटते.

या इतिहासाचे तात्पर्य केवळ नावाच्या चुकीपुरते नाही. कापसाच्या देठावर परीक्षण केल्याने गळती दिसली, सिकॅमोरच्या कळीवर केल्याने सुप्तता दिसली आणि ओटच्या अंकुरावर केल्याने निरोध दिसला. प्रत्येक परीक्षणपद्धतीने पदार्थाची एक बाजू उजेडात आणली; तीच त्याचे सर्वस्व आहे असे मानण्याचा मोह मात्र नावाने दृढ केला. पाण्याचा ताण देऊन पाहण्याचे ज्या प्रयोगांनी मनावर घेतले, त्यांतूनच हे संप्रेरक वनस्पतीच्या परिस्थितीशी जोडले गेले. अवर्षणाशी झगडणाऱ्या पिकांच्या संशोधनात आज याच संबंधाचा उपयोग केला जात आहे. पाणी वाचवावे आणि उत्पादनही राखावे, हा पेच या आम्लाच्या शोधाने सुटलेला नाही. पण पर्णरंध्र, खोड आणि मूळ यांत त्याची वाटणी कशी होते, हे आता नेमकेपणाने विचारता येऊ लागले आहे.