उभ्या गाडीची थरथर

धावत्या गाडीचे दोष वेगात झाकले जातात. ती उभी राहिली की ते उघडे पडतात. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाशी संध्याकाळच्या रांगेत अडकलो असताना आमच्या जुन्या पेट्रोल गाडीस असेच कापरे भरू लागले. मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करीत होती. एका वर्कशॉपने थ्रॉटल बॉडी नवी बसविली आणि भले मोठे बिल हाती दिले. थरथर मात्र तशीच राहिली. अखेर रस्त्याकाठच्या एका वयस्क मिस्त्रींनी चारही कॉइलच्या जोडण्या एकामागून एक क्षणभर काढून पाहिल्या. तीन वेळा इंजिन अधिकच डगमगले. एका वेळी मात्र काहीच फरक पडला नाही. तीच कॉइल मेलेली होती. ती बदलताच इंजिन शांत झाले. पहिल्या ठिकाणी भाग बदलला होता, पण रोग शोधलाच नव्हता. दुरुस्ती म्हणजे बदली, ही समजूत आली कोठून? तिचाच इतिहास थोडक्यात पाहू.

मंद चालीत इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे घेते. हवेची झडप तेव्हा जवळजवळ मिटलेली असते. एवढ्याशा फटीतून येणाऱ्या हवेशी पेट्रोलचे प्रमाण, वजनाने सुमारे पंधरास एक, जुळवावे लागते. १८९३ साली जर्मनीत मायबाखने, तर बुडापेस्टात बांकी आणि चोंका या जोडीने पेट्रोलचा फवारा करणारा कार्बोरेटर सिद्ध केला. पुढे मंद चालीसाठी त्यात निराळा बारीक पितळी जेट आला. कचऱ्याचा एक कण त्यात अडकला तरी गाडी अडखळे.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट घरोघरी परिचित झाली. त्या गाडीचा मिस्त्री जेट फुंकून साफ करी, प्लग घासून पुन्हा बसवी, पॉइंटमधील अंतर पातळ पट्टीने मोजी आणि कान देऊन स्क्रू फिरवी. नवा भाग हा त्याचा शेवटचा उपाय असे. तथापि त्याच्या कानाला एक गोष्ट कधीच कळत नव्हती, ती म्हणजे धुरातील विषारी वायू.

ते काम कायद्याने हाती घेतले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मंद चालीत चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तीन टक्क्यांची मर्यादा घातली. उभ्या गाडीची चाल ही मालकाची खाजगी बाब राहिली नाही. पुढे २००० साली देशभर, आणि २००५ साली पुण्यासह मोठ्या शहरांत, नव्या गाड्यांसाठी आणखी कडक मानके आली. ती पाळणे कार्बोरेटरला जड गेले. १९९८ साली जनतेसमोर आलेली, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातील टाटांची इंडिकाच पाहा: तिचे पेट्रोल इंजिन आरंभी कार्बोरेटरचे होते, अल्पावधीतच त्यात इंधन फवारणीची यंत्रणा आली. प्रमाण जुळविण्याचे काम कानाकडून संगणकाकडे गेले.

या बदलाने हवा सुधारली, पेट्रोल वाचले. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु नवे भाग बंद डब्यासारखे आहेत. कॉइल घासून बरी होत नाही. ती बदलावीच लागते. येथेच घोटाळा होतो. शेवटी बदलावेच लागणार, तर आधी शोधावे कशाला, असा आळस अंगात शिरतो. स्कॅनरवरचा आकडा संशयिताचे नाव सांगतो. अपराध सिद्ध करीत नाही. आमच्या मिस्त्रींनी वापरलेली युक्ती फियाटच्या काळातीलच होती. भाग तेवढा नव्या काळचा होता.

पुनावळे १९९७ साली महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींखाली गाड्यांच्या रांगा लागल्या. सभोवतीच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग अगणित तयार होतात. ते बसविणारे हात आपल्याला मिळतील, यात शंका नाही. पण भागाला हात लावण्यापूर्वी रोग ओळखणारी माणसे आपण घडविणार आहोत की नाही? रस्त्याकाठच्या मिस्त्रीला नवी विद्या मिळावी आणि नव्या कारागिराला जुनी तपासणी शिकविली जावी, एवढीच आमची मागणी आहे. मालकांनीही बिल देण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: हाच भाग बिघडला आहे, हे तुम्ही कशावरून ठरविले?