चौदाशे वर्षांचे सुतार

वर्गात काळ-काम-वेगाची गणिते चालली होती. फळ्यावर मी नेहमीचेच उदाहरण लिहिले. दहा गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर तीच भिंत चार दिवसांत बांधावयास किती गवंडी लागतील? हात भराभर वर झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र नुसताच उभा राहिला. त्याचा बाप गवंडीकाम करतो. तो म्हणाला, "गुरुजी, पण घाईनं बांधलेली भिंत टिकंल का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि 'वीस' हे उत्तर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

त्याच पावसाळ्यात शाळेच्या नव्या खोलीच्या छताचा गिलावा कोसळला. रविवार होता म्हणून बरे, नाहीतर त्या बाकांवर चाळीस मुले बसलेली असती. या खोलीला लागूनच शाळेची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतीला अजून चीर नाही. दोन्ही कामे एकाच घराण्याची. जुने काम बापाचे आणि नवे मुलाचे. नाव तेच, गाव तेच, पाटीसुद्धा तीच. मग या दोन भिंतींच्या मध्ये काय हरवले?

या प्रश्नाने मी बेचैन झालो आणि बांधकामाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या घराण्यांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता थेट जपानात जाऊन पोहोचलो. त्या देशातील ओसाका शहरी सुतारांचे एक घराणे होते. एका घराण्याने चालविलेला जगातील सर्वांत जुना धंदा म्हणून त्याचे नाव घेतात. त्याची स्थापना इ. स. ५७८ मधील मानतात. आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते, तेव्हाची ही गोष्ट. हा धंदा त्या घराण्याच्या हातातून २००६ साली गेला. हिशेब केला तर १४२८ वर्षे भरतात.

घराण्याचे नाव कोंगो आणि पेढीचे नाव 'कोंगो गुमी'. 'कोंगो' म्हणजे वज्र. आपल्या संस्कृतातील वज्र शब्दाचाच तो चिनी वळणाने गेलेला जपानी अनुवाद. ज्या मंदिरासाठी हे सुतार आले त्या शितेन्नो-जीचे नावही आपल्याला परके नाही. चार दिशांचे रक्षण करणाऱ्या चार स्वर्गीय राजांचे ते मंदिर. बौद्ध ग्रंथांत या राजांची नावे धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण अशी येतात. यांतला वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. धनत्रयोदशीला आपण ज्याची पूजा करतो, तोच तिकडे हातात लहानसा स्तूप घेऊन मंदिराची राखण करीत उभा आहे!

जपानात बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे पोहोचला, त्या वेळी मोठी मंदिरे बांधणारे कारागीर त्या देशात नव्हते. इ. स. ७२० मध्ये सिद्ध झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात अशी नोंद आहे, की कोरियातील पॅक्चे राज्याच्या राजाने ५७७ साली भिक्षूंबरोबर एक मूर्तिकार आणि एक मंदिरे बांधणारा सुतार जपानला पाठविला. कोंगो घराण्याचा मूळ पुरुष शिगेमित्सु हा त्याच राज्यातून आलेला. राजपुत्र शोतोकु याने त्याला बोलावून घेतले, अशी परंपरा आहे. परंपरेला साल-तारखेचे वावडे असते. शोतोकुचा जन्म ५७४ चा, म्हणजे ५७८ साली तो अवघा चार वर्षांचा होता. मंदिराचे काम सुरू झाले ते ५९३ साली. दंतकथा थोडी बाजूला ठेवली तरी एवढे उरतेच, की बाहेरून आलेल्या एका सुताराला त्या मंदिराची कायमची देखभाल सोपविण्यात आली आणि त्याचे वंशज तेथेच राहिले.

काम संपल्यावर ते परत का गेले नाहीत? कारण लाकडी मंदिराचे काम कधी संपतच नाही. हिनोकी नावाच्या सुवासिक, चिवट लाकडाचे ते बांधकाम. तुळया आणि खांब प्रामुख्याने खाच व कुसू यांनी एकमेकांत गुंतविलेले. लाकूड वाळते, आकसते, छपराच्या भाराने बसते. कोणत्या सांध्याला किती मोकळीक ठेवायची, शंभर वर्षांनी कोणता तुकडा काढून नवा बसवावा लागेल आणि तो काढता यावा म्हणून आज काय करून ठेवायचे, हा सगळा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो. कोंगोंच्या सुतारांत एक शिकवण आहे, की जो भाग डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर अधिक लक्ष द्यावे. शंभर-दोनशे वर्षांनी कोणी सुतार दुरुस्तीसाठी छप्पर उतरवील, तेव्हा आत काय आहे ते त्याला दिसेल. तो बहुधा आपलाच पणतू असेल! गिऱ्हाइकाला फसविता येते, पण पणतूला कसे फसविणार?

तरीही या घराण्याचा इतिहास न पडलेल्या इमारतींचा नाही. शितेन्नो-जी पुनःपुन्हा पडले. १५७६ साली लढाईत जळाले. १६१४ साली ओसाकाच्या किल्ल्याभोवती युद्ध पेटले तेव्हा पुन्हा जळाले. १८०१ साली वीज पडून आग लागली. प्रत्येक वेळी ते पुन्हा उभे राहिले, कारण बांधणारे हात शेजारीच होते. माझ्या विद्यार्थ्याला भिंत टिकेल का याची चिंता होती. या घराण्यापुरता त्याचा प्रश्न थोडा बदलावा लागतो. भिंत बांधण्याची विद्या टिकेल का?

विद्या टिकविण्यासाठी त्यांनी काय केले? एक तर गादी केवळ थोरल्या मुलाला दिली नाही. काम सांभाळील असा मुलगा घरात नसला तर ते जावयाला घरात घेत. पण हा घरजावई आपल्याकडच्यासारखा सासऱ्याच्या पंगतीला अवघडून बसलेला नसे. तो 'कोंगो' हे आडनाव घेई आणि घराण्याचा प्रमुख होई. रक्तापेक्षा हाताला मान होता.

दुसरे म्हणजे, त्यांनी काही नियम लिहून ठेवले. बत्तिसावा प्रमुख योशिसादा याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात पुढील पिढ्यांसाठी सोळा कलमांचा उपदेश लिहिला. त्यात रंधा कसा धरावा हे सांगितलेले नाही. वाचन आणि मण्यांच्या चौकटीवरचा हिशेब यांचा सराव करा. दारू बेताने घ्या. ऐपतीबाहेरचे कपडे घालून मिरवू नका. हाताखालच्या माणसांशी गोडीने वागा. गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज प्रामाणिक द्या. उपदेशाचा रोख असा. सुताराने आपल्या नातवंडांना आधी वाचायला आणि गणित करायला सांगावे, हे वाचून माझ्यातला शाळामास्तर सुखावला, हे कबूल करतो. पण त्या कलमाचे खरे महत्त्व पुढच्या शंभर वर्षांनी कळले.

१८६८ नंतर जपानात नवे राज्य आले. बौद्ध मंदिरांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याबरोबर कोंगोंचा बांधलेला तनखाही गेला. शेकडो वर्षे एकाच यजमानाच्या भरवशावर असलेले घर प्रथमच बाहेर काम शोधू लागले. सदतिसावा प्रमुख हारुइची हा हाडाचा कारागीर होता. कामात कसूर त्याला खपत नसे. पण पैशाच्या व्यवहारात त्याचे मन नव्हते. मंदीचे दिवस आले आणि घर कर्जात बुडत गेले. १९३२ साली हारुइचीने पूर्वजांच्या समाधीपुढे जाऊन स्वतःचे जीवन संपविले.

ही हकीकत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसताच बसलो. कामात खोट नसलेला माणूस हिशेबात हरला आणि पूर्वजांची क्षमा मागत गेला. आपल्याकडे चांगल्या कारागिराचे कौतुक करताना 'त्याला पैशाची पर्वा नाही हो!' असे आपण सहज म्हणतो. तेव्हा त्याच्या घरच्या माणसांची आपल्याला आठवण होत नाही.

मागे राहिल्या त्याची पत्नी योशिए आणि तीन मुली. योशिए घराण्याची अडतिसावी प्रमुख झाली. साडेतेराशे वर्षांत प्रथमच एक स्त्री त्या जागी आली. हातात गुण्या नाही, वाकस नाही, पदरी कर्ज आणि सभोवती पुरुष कारागीर. दोन वर्षेही धड गेली नाहीत तोच, सप्टेंबर १९३४ मध्ये मुरोतो नावाचे भयंकर वादळ ओसाकावर आदळले आणि शितेन्नो-जीचा पाच मजली मनोरा कोसळला. हे संकट मंदिराचे होते, पण कोंगोंच्या घराला त्यातूनच काम मिळाले. योशिएने ते अंगावर घेतले. ती मालकांना भेटली, कारागिरांना धरून ठेवले, हिशेब पाहिला. १९४० साली नवा मनोरा पुरा झाला.

तो किती दिवस टिकला? अवघी पाच वर्षे. मार्च १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला आणि मनोरा मंदिरासकट जळून गेला. त्यात बांधणाऱ्यांचा काय दोष? युद्धाच्या काळात मंदिरांची कामे थांबली, लहान पेढ्या मोठ्या पेढ्यांत विलीन करण्याचे धोरण आले, तेव्हा योशिएने लष्करासाठी लाकडी पेट्या करण्याचे काम घेऊन पेढी वेगळी राखली. देवळांच्या सुतारांनी पेट्या ठोकल्या, पण हात मोडू दिले नाहीत.

तिच्यामागून तिचा जावई तोशिताका हा एकोणचाळिसावा प्रमुख झाला. १९५५ साली पेढीची रीतसर कंपनी झाली. आग आणि वादळ यांना पुरून उरणारे सिमेंट-काँक्रीट आता मंदिरांतही आले. आजचे शितेन्नो-जी हेही लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचेच आहे, ते १९६३ साली पुरे झाले. कोंगोंनी नव्या साहित्याशी वैर धरले नाही. येथपर्यंत सर्व ठीक होते.

पण काँक्रीट हाती आले तशी सदनिका आणि कचेऱ्या बांधण्याची वाटही मोकळी झाली. त्या बाजारात मोठ्या कंपन्यांशी भावाची चढाओढ. 'आम्ही दोनशे वर्षांचा विचार करतो' असे सांगून तेथे काम मिळत नाही. १९८० नंतरच्या दशकात जपानात जमिनींचे भाव आभाळाला भिडले आणि इतरांप्रमाणे कोंगोंनीही कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९९० नंतर भाव कोसळले. जमिनीची किंमत गेली, कर्ज तेवढे राहिले. मंदिरांकडे येणारा दानाचा ओघही आटला. २००६ च्या जानेवारीत धंदा ताकामात्सु या ओसाकाच्याच बांधकाम कंपनीने घेतला. कोंगोंना बुडू दिले तर ओसाकाची लाज जाईल, अशी तिच्या प्रमुखाची भावना होती.

हारुइचीने हिशेब केला नाही म्हणून घर बुडता बुडता वाचले. त्याच्या वारसांनी हिशेब केला, पण तो लाकडाचा नव्हता, जमिनीच्या भावाचा होता. योशिसादाने मण्यांची चौकट शिकायला सांगितली ती काम नीट व्हावे म्हणून. ती चौकट एकदा कामापासून सुटली, की तिच्यावर कोणतीही रक्कम मांडता येते आणि उत्तर बरोबरच आल्यासारखे वाटते.

नव्या मालकांनी सदनिकांचा नाद सोडून पेढीला पुन्हा मंदिरांच्या कामाला लावले. विशेष म्हणजे बहुतेक सुतार राहिले. त्यांची व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे. शंभराच्या आसपास सुतार वेगवेगळ्या गटांत विभागलेले, प्रत्येक गटाला स्वतःचा मुकादम, आणि एका गटाचे काम दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे. चूक झाली तर ती ओळखणारे डोळे घरातच असतात. नव्या वर्षी ११ जानेवारीला शितेन्नो-जीत हत्यारे हाती धरण्याचा विधी होतो. गुण्याने मोजायचे, शाईच्या दोरीने रेघ मारायची आणि लाकडावर वाकस चालवायची. आपल्याकडे खंडेनवमीला सुतार हत्यारे पुजतो, त्याचाच हा भाऊबंद म्हणायचा.

आपल्याकडेही कार्ल्याच्या लेण्यात मान वर करून पाहिले, तर चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या दिसतात. सुमारे दोन हजार वर्षे त्या तेथे आहेत. त्या बसविणाऱ्या सुतारांचे घराणे कोणते, हे आज कोणाला सांगता येणार नाही. त्यांचे काम राहिले, विद्येची साखळी तुटली. कोंगोंचे उलटे झाले. मूळ काम कधीच जळून गेले, पण साखळी राहिली. दोन्ही राहणे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या खोलीचा गिलावा पुन्हा झाला. या वेळी काम करायला आला तो माझ्या विद्यार्थ्याचा बाप. आधी त्याने जुना थर पार दगडापर्यंत खरवडून काढला, पाण्याने भिजवला आणि चार दिवस रोज पाणी मारीत राहिला. मी सहज म्हणालो, "सुट्टी लागायच्या आत होईल ना?" तो ओळंबा धरून उभा होता. मागे न पाहता म्हणाला, "होईल तवा होईल, मास्तर. पोरगं माझं याच छपराखाली बसतंय."

सुट्टी संपल्यावर ते गणित मी फळ्यावर पुन्हा लिहिणार आहे. उत्तर वीसच येईल. पण त्या मुलाला मी उभे करीन आणि त्याचा प्रश्न सगळ्या वर्गाला वहीत उतरवून घ्यायला सांगीन.