कंबर, श्वास आणि आपल्या आज्या

'दिवस राहिले की कंबर दुखणारच,' हे वाक्य आमच्या पुसदला मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजीच्या पिढीनं भरल्या दिवसांत दळण दळलं, धुणं धुतलं आणि दुखतंय हे कुणाला सांगितलंही नाही. सध्या माझ्या भाचीला आठवा महिना आहे. तिला डॉक्टरांनी चक्क श्वास घ्यायला शिकवलं! हे आलं कुठून, म्हणून मी शोधत बसले.

गंमत बघा, एक धागा इथलाच निघाला. १९१८ साली योगेंद्रजींनी मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा'त उड्डियान, नौलीचे क्ष-किरणांनी केलेले प्रयोग छापले. पण उड्डियान म्हणजे श्वास बाहेर रोखून पोट आत ओढणं. गरोदरपणात ते वर्ज्यच! सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं.

दुसरा धागा परदेशातला. १९३३ साली इंग्लंडचे डॉ. डिक-रीड यांनी मांडलं, की भीतीनं अंग आखडतं आणि आखडलं की दुखणं वाढतं. पुढे १९५१ साली डॉ. लामाझ रशियात जाऊन आले आणि पॅरिसमध्ये त्यांनी बाळंतपणाच्या कळांसाठी श्वासाची पद्धत रुजवली.

कंबरेचं गणित तसं सरळ आहे. पोट पुढे येतं तशी कंबरेची कमान वाढते, सांधे सैलावतात, श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकतं. अशा वेळी खुर्चीत टेकून किंवा कुशीवर पडून नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, बरगड्या बाजूंना फुलू द्यायच्या आणि त्याहून सावकाश सोडायचा. कोंडायचा मात्र नाही. सोडताना पाठीचा ताण ढिला होतो. हा काही रामबाण नव्हे. जोडीला चालणं, हलका व्यायाम हवाच. आणि रक्तस्राव, ताप किंवा थांबून थांबून येणारं दुखणं असेल तर लगेच दवाखाना.

इतके प्रयोग झाले आणि हाती उरलं ते सगळ्यांत साधं. मला मोठं वाटतं ते दुसरंच : 'दुखणारच' म्हणून सोडून दिलेलं दुखणं कुणीतरी विचारात घेतलं. मंडळी, तुमच्या घरातल्या आज्या-मावश्यांना एकदा विचारा, तेव्हा कंबर किती दुखायची? अजून कुणी विचारलंच नसेल त्यांना.